सॅम्युएल म्हणजे 'देवाने ऐकलं'? नाही हो
बाळाच्या नावांच्या पोस्टमध्ये परत तेच फिरतंय, की सॅम्युएल हे हिब्रू नाव म्हणजे 'देवाने ऐकलं'. गोड आहे, पण मूळ अक्षरं बघा ना. हिब्रूत हे नाव श्मुएल, ते लिहितात शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद या अक्षरांनी, आणि ऐकण्याचा धातू 'शमा', त्यात शेवटी आयिन लागतो, तो इथे आहेच कुठे? तो सापडतो इश्माएल या नावात, 'देव ऐकतो' हा अर्थ त्याचा. श्मुएलमधला 'एल' म्हणजे देव हे बरोबर, पण आधीचा भाग अभ्यासक बहुतेक 'शेम' म्हणजे नाव असा धरतात, म्हणून 'देवाचं नाव' किंवा 'त्याचं नाव एल'.

गोंधळ मात्र जुनाच, खुद्द बायबलमध्ये सॅम्युएल या संदेष्ट्याची आई हन्ना म्हणते की मी याला देवाकडे मागून घेतलं म्हणून हे नाव, आता 'मागितलेला' म्हणजे तर शाऊल, इस्रायलच्या पहिल्या राजाचंच नाव! नवसाचं पोर, आई व्याकरण कशाला बघतेय. आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे तिथल्या ज्यूंनी, तर सॅम्युएलचं सरळ सामाजी केलं, १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युएल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी.