म्हाताऱ्या सैनिकांना त्यांच्या स्मारकापर्यंत न्यायलाच हवं

दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकी सैनिकांचं राष्ट्रीय स्मारक वॉशिंग्टनमध्ये खुलं झालं २००४ साली, म्हणजे युद्ध संपल्यावर तब्बल ५९ वर्षांनी. विशीत लढायला गेलेली पोरं तोवर ऐंशीच्या घरात पोचली होती.

ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये माजी सैनिकांच्या दवाखान्यात अर्ल मोर्स काम करायचे. ते स्वतः हवाई दलातून निवृत्त झालेले. स्मारक बघायला जाणार ना, असं पेशंटना विचारलं की सगळे उत्साहाने हो म्हणायचे. पुढे कळलं की कुणाचंच जाणं होत नाहीये. पैसा नाही, अंगात त्राण नाही, सोबतीला कुणी नाही. मग मोर्सनी हौशी वैमानिकांना गाठलं आणि मे २००५ मध्ये सहा छोट्या विमानांतून बारा सैनिक वॉशिंग्टनला गेले. खर्च वैमानिकांच्या खिशातून! माजी सैनिकांना असं स्मारकापर्यंत नेणाऱ्या ‘ऑनर फ्लाइट’ संस्थेची ही सुरुवात. आज अमेरिकेत तिची शंभराहून जास्त केंद्रं आहेत. लोकवर्गणी गोळा होते आणि सैनिकाला एक पैसाही पडत नाही. बरोबर जाणारा सोबती मात्र बहुतेक ठिकाणी आपला खर्च आपण करतो.

‘एका दिवसाच्या सहलीवर कशाला एवढा खर्च, तोच पैसा औषधपाण्याला द्या,’ असं म्हणणारे भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. औषधपाणी ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती त्याने निभावलीच पाहिजे. पण ‘तुम्ही केलंत ते आम्ही विसरलो नाही’ हे सरकारी कागदावरून कसं पोचणार? ते माणसांनीच येऊन सांगावं लागतं.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांचं बघा, त्यांनाही ऑनर फ्लाइट नेते. त्यांच्यातल्या अनेकांचं स्वागत सोडाच, गणवेश लपवून घरी जायची वेळ आली. वॉशिंग्टनमधल्याच त्यांच्या स्मारकाच्या काळ्या ग्रॅनाइटवर ५८ हजारांहून जास्त नावं आहेत, आणि ती अकारविल्हे नाहीत, मृत्यूच्या क्रमाने आहेत. त्यामुळे एकाच चकमकीत पडलेले मित्र तिथे शेजारी शेजारी सापडतात. म्हातारा सैनिक व्हीलचेअरमधून हात लांबवतो, नावावर कागद धरतो, पेन्सिल घासतो आणि अक्षरं कागदावर उमटतात. दगड इतका चकचकीत की त्या नावांवरच त्याचा स्वतःचा चेहरा दिसतो. हे टीव्हीवर बघून भागेल असं कुणी मला सांगू नये.

परतीच्या विमानात ‘मेल कॉल’ होतो. युद्धात छावणीवर टपाल आलं की नावं पुकारायचे, तसंच. घरच्यांनी, शाळेतल्या मुलांनी गुपचूप लिहिलेली पत्रं हातात पडतात. आघाडीवरचं अवाक्षर कधी घरी न काढलेली माणसं त्यानंतर बोलायला लागतात, असं कुटुंबातले लोक सांगतात. माझ्या मते सगळ्या प्रवासाचं सार इथे आहे.

दुसऱ्या महायुद्धातले सैनिक आता मोजकेच उरलेत. कोरियाचं युद्ध १९५३ साली थांबलं, त्यामुळे तिथे लढलेलेही नव्वदीच्या आसपास आहेत. म्हणून सर्वांत वृद्ध आणि दुर्धर आजार असलेल्यांना आधी नेतात. ते योग्यच आहे, पण तेवढ्याने रांग संपत नाही.

अमेरिकेतल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या भागातलं केंद्र शोधा. सोबती म्हणून एक दिवस द्या. तेही जमत नसेल तर मुलांना घेऊन बसा आणि मेल कॉलसाठी पत्र लिहा. हाताने लिहा.