ठोसा आहे ना, मग बाकी कशाला?

मुष्टियुद्धातला जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), पायांची चाल, मान वळवून ठोसा हुकवण्याची हातोटी हे सगळे आपण वर्षानुवर्षे घाम गाळून कमावले असेल, तर आपले अभिनंदन. आता ते मोडीत काढायला हरकत नाही. आपला उजवा हात एकदा नीट बसला की समोरचा आडवा होतो, हे उमगल्यानंतरही बाकीची हमाली करीत राहणे आपल्या इभ्रतीला शोभत नाही.

या वाटेवर हेवीवेट विजेता माइक टायसनला गुरू करावे. प्रशिक्षक कस डमाटो यांच्या तालमीत तो दोन्ही हात गालांशी धरून, डोके लंबकासारखे हलवीत आत शिरायला शिकला होता. जून १९८८ मध्ये त्याने मायकेल स्पिंक्सला अवघ्या ९१ सेकंदांत झोपवले आणि त्याच वर्षी, ती शिस्त राखणारे प्रशिक्षक केव्हिन रूनी यांना निरोप दिला. घरात लक्ष्मी पाणी भरू लागल्यावर हिशेबनीस हवाच कशाला?

११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत त्याच्यासमोर बस्टर डग्लस होता. डग्लस बिचारा जुन्या वळणाचा. तो लांब हाताने जॅबच मारत राहिला आणि टायसन एका रामबाण ठोशाच्या आशेने त्या जॅबवर सरळ चालत जात राहिला. त्याचा डावा डोळा सुजून मिटू लागला, तेव्हा लक्षात आले की सूज दाबण्याची थंडगार लोखंडी पट्टी त्याच्या माणसांनी आणलेलीच नाही. मग त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फाचे पाणी भरून तोच डोळ्यावर धरला. यात त्यांना दोष देऊ नये, कारण मार खाण्याची सोय आधीच करून ठेवणे हा ठोशाचा धडधडीत अपमान झाला असता. आठव्या फेरीत रामबाण खरोखरच लागला, डग्लस पडला, आणि उठलाही. दहाव्या फेरीत टायसन रिंगमध्ये रांगत आपला माउथगार्ड (दातांचे रबरी कवच) चाचपत होता. सापडल्यावर त्याने तो एका टोकाने कसाबसा दातांत धरला.

प्रतिस्पर्धी दोरांना टेकून उभा राहिला, तर तो घाबरला असे समजून त्याच्या कोपरांवर मनसोक्त ठोसे मारावेत. ४० पैकी ४० लढती जिंकलेल्या जॉर्ज फोरमनने १९७४ मध्ये किन्शासा येथे मुहम्मद अलीविरुद्ध हेच केले आणि आठव्या फेरीत दमून तो स्वतःच जमिनीवर आला. (याच फोरमनने १९९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, धीराने जॅब मारत, संधीची वाट पाहत विजेतेपद परत मिळवले, हा भाग आपण वगळून वाचावा.)

हरल्यावर कारणांची वानवा नसते. २०२० मध्ये टायसन फ्युरी या ब्रिटिश मुष्टियोद्ध्याकडून मार खाल्ल्यावर अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरने ४० पौंडांहून जड अशा आपल्या पोशाखाला बोल लावला, आणि त्याला वाचवण्यासाठी टॉवेल फेकणाऱ्या, म्हणजे हार मानून लढत थांबवणाऱ्या, प्रशिक्षकाला काढून टाकले. आपणही तसेच करावे. नवा प्रशिक्षक नेमताना त्याच्याकडे टॉवेल नाही, एवढी खात्री तेवढी करून घ्यावी.