ल्युमेनच्या आधी झोत बघा
सायकलला जास्त ल्युमेनचा, म्हणजे एकूण जास्त उजेडाचा, पुढचा दिवा घ्या, असं सायकलच्या दिव्यांवरच्या या लेखात म्हटलंय. झोताच्या आकाराबद्दल मात्र एक ओळही नाही, हे खटकलं. टॉर्चसारखा गोल झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जर्मन नियमांनुसार बनवलेल्या दिव्यांत झोताची वरची कड कापलेली असते, म्हणजे उजेड वर डोळ्यांत न जाता रस्त्यावर पडतो. मिळाला तर तसाच घ्या. गोल झोताचा असेल तर सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा आणि भिंतीवर झोताचा मध्य दिव्याच्या जमिनीपासूनच्या उंचीच्या निम्म्यावर येईपर्यंत दिवा झुकवा. मग तो साधारण १० मीटरवर रस्त्याला टेकतो. पट्टा घट्ट आवळा, खड्ड्यांत दिवा जागचा हलतो. आणि अंधारात पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नका हो, समोरच्याला अंतराचा अंदाजच येत नाही!