माझ्या तारकर्लीच्या फोटोखालचा मेसेज चुकीचा हाये, खुलासा

माझा स्कुबाचा (पाठीवर हवेचं सिलेंडर लावून पाण्याखाली उतरायचा) फोटो आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर फिरून राह्यला, खाली लिवलंय "ट्रॅक्टर पलटी होऊन मांडीत रॉड पडला तरी भाऊ समुद्रात उतरला, हाड जुळलं की कोनीबी जाऊ शकते, डॉक्टरला विचारायची गरज नाही". फोटो माझाच हाये, पन हे शेवटचं मी कधीच म्हनलो नाही.

रॉडचं पाह्यलं तर धातूला पाण्याच्या दाबानं काही होत नाही, खरा प्रश्न हवेचा. 10 मीटर खाली दाब दुप्पट होते, तिथं सिलेंडरमधून घेतलेली हवा वर येतानी दुप्पट फुगते. फुप्फुसात जुन्या जखमेपाशी ती अडकली तर फुप्फुस फाटते, हवा रक्तातून मेंदूत जाऊ शकते. आन् हे 2-3 मीटरवरबी होऊ शकते.

माझ्या छातीला काही झालं नव्हतं, तरी वर्षभर थांबलो, स्कुबाच्या फॉर्मवर हाडाच्या डॉक्टरची सही घेतली आन् पाण्यात पाय मारतानी मांडीत असा गोळा आला का इन्स्ट्रक्टरनं हात धरून वर आणलं. त्याच ट्रॅक्टरवरच्या माझ्या मावसभावाच्या छातीत नळी टाकली होती, त्याले डायव्हिंगवाल्या डॉक्टरनं आधी सीटी स्कॅन सांगितलाय, तो अजून उतरला नाही. डोक्याला मार लागून झटके येत असन तर पाण्याखाली जाऊच नका.

तो मेसेज डिलीट करा, पुढं पाठवू नका. कोनाले पाठवला असन तर हे पन पाठवा.