तिसरा रकाना

३१ डिसेंबरच्या वॉचनाइटला, म्हणजे चर्चमधल्या वर्ष सरतानाच्या रात्रीच्या उपासनेला, माणूस काहीही कबूल करतो. रात्रीचे पावणेबारा, बाहेर थंडी, पोटात केक आणि शेजारी सासूबाई. अशा वेळी पाळकसाहेबांनी विचारलं, "येत्या वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र कोण कोण वाचून काढणार?" आणि माझा हात वर गेला. तो मी वर केला की सासूबाईंच्या कोपराने, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत.

हिशेब तसा सोपा होता. आमच्या प्रोटेस्टंट बायबलात पुस्तकं ६६. जुन्या कराराचे अध्याय ९२९, नव्याचे २६०, एकूण १,१८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की आठवड्याचे २३ होतात आणि ५२ आठवड्यांचे १,१९६. म्हणजे सात अध्याय वर शिल्लक! मी बँकेत नोकरी करते, शिलकी हिशेब दिसला की भाळते. ते सात अध्याय ही आपली हक्काची रजा, असं मी १ जानेवारीला ठरवलं आणि २ व ३ जानेवारीला ती घेऊनही टाकली.

वाचनाचं एक वेळ जमलं असतं. खरी मेख वर्षभराच्या वाचनाच्या छापील तक्त्याच्या तळाशी होती. 'नुसते वाचू नका, मनन करा व लिहून ठेवा.' त्यासाठी मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली, पट्टीने तीन रकाने आखले. वाचलेला भाग, आवडलेलं वचन, आणि आज मला काय सांगितलं. पहिले दोन रकाने कारकुनी. ते मी झोपेतही भरते. (भरलेही.) तिसऱ्या रकान्यापाशी मात्र पेन थांबायचं. पहिल्या आठवड्यात मी तिथे रोज एकच वाक्य लिहिलं, 'देवावर भरवसा ठेवावा.'

वही सासूबाईंच्या हाती लागली. सासूबाई नगरकडच्या एका दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. कुठलाही रकाना दिसला की त्या चष्मा लावतात.

"हे काय गं? रोज तेच?"

"आई, खरं आहे ना पण ते."

"खरं असेल. चार्टवर सात दिवस ९८.४ दिसलं की आम्ही समजायचो, पोरीने थर्मामीटर लावलेलाच नाही."

त्यांचं स्वतःचं शास्त्र बघण्यासारखं आहे. मूळ पुठ्ठा कधीच गेला, आता रेक्झिनची बांधणी. शेवटच्या कोऱ्या पानांवर घरातल्या सगळ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, मरणं आणि मधेच एका महिन्याचा दुधाचा हिशेब. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी पेन्सिलीने बारीक तारखा, एकाखाली एक. कितव्यांदा वाचताय, असं विचारलं तर म्हणतात, "मोजून कुठं जायचंय?" मी मात्र दिवसाला तीनदा मोजते.

माझी सकाळ पाणी, दूध, डबे आणि मुलीची न सापडणारी ओढणी यांच्यात वाटलेली आहे. म्हणून साडेपाचचा गजर लावला आणि सोफ्यावर बसून वाचायला लागले. सहाला सासूबाईंनी हलवून उठवलं. मी नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांतला २०वा अध्याय पुढे केला. त्रोवस गावात प्रेषित पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलासमोर झोपणारे असतील तर माझ्यासमोर तर उत्पत्तीची वंशावळ होती. सासूबाई म्हणाल्या, "तो मध्यरात्रीपर्यंत ऐकत तरी होता. तू दुसऱ्या वचनालाच."

त्यात सासूबाई केडगावच्या पंडिता रमाबाई काढतात. सासूबाईंच्या एक चुलत आजी रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या, त्यामुळे विषय घरचाच. साध्यासुध्या बायकांना वाचता यावं म्हणून रमाबाईंनी उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. तिथल्या बायकांनीच खिळे जुळवले, छापलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये पुरा बाहेर आला. "त्यांनी हिब्रू शिकली," सासूबाई म्हणतात, "तुला फक्त उठायचंय." यावर उत्तर नसतं. मी चहा टाकते.

मग मुलीने फोनमध्ये ऐकायची सोय करून दिली. स्वयंपाक करता करता कानावर वचन पडेल, अशी योजना. उत्पत्तीचा पाचवा अध्याय लागला होता. त्यात एकेक पुरुष शेकडो वर्षं जगतो, त्याला मुलंमुली होतात, 'आणि तो मरण पावला' की पुढचा. याला एक ठेका आहे. कुकरच्या शिट्ट्या आणि हा ठेका माझ्या डोक्यात कधी एक झाले कळलं नाही. आदाम, एक. शेथ, दोन. अनोश, केनान, महललेल, यारेद, सहा. हरभऱ्याला सात लागतात. सातवा निघाला हनोख. त्याला देवाने नेलं, तो मेलाच नाही! मी सातव्याची वाट बघत राहिले. पुढे मथुशलह, तो ९६९ वर्षं जगला. हरभऱ्यांचं काय झालं ते सांगत नाही. त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात 'जागृत असावे' असं लिहिलं, आणि सासूबाईंनी प्रथमच मान डोलावली.

उत्पत्ती तशी भराभर गेली. भावाभावांचे वाद, सासऱ्याने जावयाला लावलेला चुना, लग्नात बदललेली नवरी. रात्रीच्या मालिका बघायची सवय असेल तर काही जड जात नाही. निर्गमही समुद्र दुभंगेपर्यंत उत्तम. पुढे निवासमंडपाचं, म्हणजे देवासाठीच्या तंबूचं, काम निघतं. पडदे २८ हात लांब, ४ हात रुंद, कड्या इतक्या, खांब तितके. हे सगळं आधी करायला सांगितलंय, आणि दहाएक अध्यायांनी तेच सगळं केल्याचं सांगितलंय. आधी टेंडर, मग बिल. बँकेची असूनही मला ते दोन्ही ताळा करून बघावंसं वाटलं नाही. तेवढ्यात मार्च एंड आला. मार्च एंडला आमच्याकडे प्रत्यक्ष देवदूत उतरला तरी त्याला टोकन घेऊन बसावं लागेल. माझं वाचन तिथेच, रानात, तळ ठोकून राहिलं.

जूनमध्ये महिला मंडळात 'किती पुस्तकं झाली' याची विचारणा होणार होती. आदल्या रात्री मी एक शोध लावला. बायबलात पाच पुस्तकं एकेका अध्यायाची आहेत. ओबद्या, फिलेमोन, २ योहान, ३ योहान आणि यहूदा. पाऊण तासात पाचही उरकली. दुसऱ्या दिवशी छातीठोकपणे सांगितलं, "सात पुस्तकं झाली." टाळ्या वाजल्या. सासूबाई वाजवत नव्हत्या, बोटं मोजत होत्या.

उरलेलं बसमध्ये वाचावं म्हटलं. नव्या कराराला वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. ते काम त्याने प्रवासात, घोड्यावर बसल्या बसल्या केलं, असं सांगतात. नगर रोडने उभ्याने जाताना मला ते तंतोतंत पटतं. एक खड्डा आला की माझंही एक वचन संपतं.

आणि मग जुलै. आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली. आधी बशीएवढी, मग परातीएवढी, कडेने हिरवट. सोसायटीत अर्ज केला. एक माणूस आला, दारातूनच भिंतीकडे पाहिलं, "वरनं येतंय" म्हणाला आणि गेला. वरचे म्हणाले, आमच्याकडून शक्यच नाही. सेक्रेटरी म्हणाले, पावसाळा जाऊ दे. याच आठवड्यात मी लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या १४व्या अध्यायाला पोहोचले. तक्त्याप्रमाणे तो फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच व्हायला हवा होता. पण तेव्हा आमची भिंत कोरडी होती, मला काय कळलं असतं?

लेवीयापाशी भलेभले अडकतात. वर्षभराचा संकल्प मोडायचा तो बहुतेक इथेच, यज्ञपशूंच्या चरबीत. मीही डोळे मिटत मिटत वाचत होते आणि एकदम ताठ बसले. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले तर मालकाने याजकाला, म्हणजे पुरोहिताला, कळवावं. याजक यायच्या आत घर रिकामं करावं. त्याने स्वतः आत जाऊन पाहावं, घर सात दिवस बंद ठेवावं आणि सातव्या दिवशी परत यावं. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावेत, आतून सगळं खरवडावं, नवे दगड, नवा गिलावा. तरी परत आला तर घर पाडावं! मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "शेवटचं सेक्रेटरींना सांगू नकोस, ते रिडेव्हलपमेंट काढतील."

तिसरा रकाना त्या दिवशी पहिल्यांदा आपसूक भरला. 'याजक सांगितल्याप्रमाणे सातव्या दिवशी परत आला. आमच्या माणसाला तीन आठवडे झाले. याजकाने आत येऊन पाहिले. आमच्याने दारातून.' सासूबाईंनी वाचलं.

"ही तक्रार झाली. मनन नव्हे."

"पण मनापासून आहे."

"ते दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि वही परत देण्याऐवजी शेजारी बसल्या. लेवीय हे त्यांचं आवडतं पुस्तक निघालं. योहानाचं शुभवर्तमान नव्हे, स्तोत्रं नव्हेत, लेवीय! "अगं, संशय आला की वेगळं ठेवा, सात दिवसांनी तपासा, कपडे धुवा, अंग धुवा. नोकरीभर मी दुसरं काय केलं?" मग तेराव्या अध्यायातले अंगावरचे चट्टे त्यांनी मला वॉर्डातल्या राऊंडसारखे एकेक करून समजावले. रात्रीची पोळी मला गेली नाही. त्या दोन जेवल्या.

भिंत दिवाळीच्या आधी झाली. गिलावा करणाऱ्याला मी, लेवीयात घर शुद्ध करायला लागतात तशी एजोब या झुडपाची जुडी आणि दोन पक्षी लागतील का, असं विचारणार होते, पण मुलीने डोळे वटारले.

नोव्हेंबरच्या मध्याला तक्त्यात पौल जहाज फुटूनही रोमला पोहोचला होता. मी सीनायच्या रानातच होते, गणना या चौथ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात. ओळीने मोजलं तर १२४वा अध्याय. त्यात वचनं ८९. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस वेदीसाठी अर्पण आणतात, आणि प्रत्येक जण अगदी तेच आणतो. १३० शेकेल वजनाचं चांदीचं ताट, ७० शेकेलांचा कटोरा, दोन्हींत तेलात मळलेलं सपीठ, १० शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र, पुढे बैल, मेंढे, कोकरं. शास्त्र ते 'वरीलप्रमाणे' म्हणत नाही. नाव, बापाचं नाव आणि सगळी यादी, बारा वेळा. चौथ्या दिवशी मी वही आपटली.

"एका ओळीत नसतं का मावलं?"

सासूबाई उठल्या. कपाटातल्या खालच्या कप्प्यातून एक लाल कापडी बांधणीची वही काढून त्यांनी माझ्यासमोर टाकली. आमच्या लग्नातली आहेराची वही. अक्षर त्यांचंच. स्टीलचा डबा, स्टीलचा डबा, स्टीलचा डबा. प्रत्येकापुढे पूर्ण नाव, गाव. "बारा डबे आले, असं लिहिलं असतं तर हिने कोपरगावहून मांडीवर धरून आणलेला कुठला, ते राहिलं असतं का?" असं म्हणून त्यांनी एकेका नावावर बोट ठेवलं आणि सांगायला लागल्या. कोण मंडपात रुसलं होतं, कोण उधार काढून आलं होतं, कोण आता नाही. सपीठ तसंच राहिलं, तासभर आम्ही डब्यांतच होतो.

मग पान उलटलं. तिथे माझ्या माहेरची नावं सुरू झाली. माझ्या धाकट्या मावशीच्या नावासमोर, त्याच नेटक्या अक्षरात, लिहिलं होतं: 'भिंतीवरचे घड्याळ (बंद)'.

तेवीस वर्षं मला हे कोणी बोललं नव्हतं.

त्या दिवशी मी दीड पान मनन लिहिलं. फक्त मधल्या रकान्यात कुठलं वचन घालावं, ते अजून सुचलेलं नाही.