चपलांच्या स्टँडवरून ख्याल

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला मी सांगितलं, ‘शास्त्रीय गाणं, ख्याल ऐकतो, त्या हिशेबाने म्युझिक सिस्टिम दाखवा.’ त्याने मान डोलावली आणि ढोलताशांचं काहीतरी लावलं. ‘बेस बघा साहेब!’ बेस दिसलाच, काउंटरवरचा चहाचा ग्लास सरकत होता. मला तबल्यातल्या डग्ग्याची घुमक हवी होती, डंपर नको होता. मग तो वॅटवर आला. पन्नासाऐवजी शंभर वॅटचा अँप (अँप्लिफायर) घेतला तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते, हे मी वाचून गेलो होतो. ते ऐकवल्यावर तो क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘मग पाचशेचा घ्या ना!’

अँप पन्नासाचाच आला. खरा प्रश्न भूमितीचा होता. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण हवा, शिवाय स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे हवेत, कोपऱ्यात तर नकोतच, कारण तिथे खर्ज उगाच फुगतो. आमचा हॉल दहा बाय बारा. त्यात दिवाण, शोकेस आणि इस्त्रीच्या कपड्यांची कायमची थप्पी. टेपने मापं घेतली तेव्हा माझी जागा आली बरोबर चपलांच्या स्टँडवर.

‘मग बसा तिथेच,’ बायको म्हणाली, ‘कुरिअरवाला आला की दारही उघडता येईल.’

तर तिथे बसून ऐकतो. गंमत अशी की, सिस्टिम जितकी चांगली तितकं गाण्याबाहेरचं जास्त ऐकू येतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांतली खरखर आता अशी स्वच्छ येते की तिला दाद द्यावीशी वाटते. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये कोण कुठे बसून खोकला ते कळतं. वर आमचा फ्रिज पेटीच्या पांढरी पाच पट्टीत अखंड सूर धरतो. काळी एक पट्टीतलं गाणं लागलं की दोघांचं जमत नाही, मला उठून तो बंद करावा लागतो आणि मग दुधावरून वेगळा राग सुरू होतो.

वायरवाल्या मित्राबद्दल तर बोलायलाच नको. हा इसम येताना पिशवीत वायरी घेऊन येतो. गवई बढत करत समेवर येतोय आणि हा मध्येच थांबवून वायर बदलतो. ‘आता बघ, तानपुरा कसा मोकळा झाला!’ आजवर त्याने एकही बंदिश अंतऱ्यापर्यंत ऐकलेली नाही. बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, वीस हजार हर्ट्झपर्यंत जातो याचा त्याला माझ्याहून जास्त अभिमान. आमचं वय साठीला टेकलेलं, या वयात बाराएक हजारांच्या वरचं ऐकू आलं तरी नशीब. वरच्या पट्टीचे पैसे मी भरले, ऐकते जिन्यातली मांजर.

भिंतीतून मात्र उलटा न्याय. बारीक सूर ती अडवते, खर्ज आरपार सोडते. परवा लिफ्टमध्ये शेजारच्या काकांनी अगदी आस्थेने विचारलं, ‘रोज संध्याकाळी तुमच्याकडे मसाला कुटतात का हो?’

‘मसाला नाही काका, विलंबित एकताल.’

‘तरीच,’ ते म्हणाले, ‘मी हिला म्हणत होतो, एवढं सावकाश कोण कुटतं!’