एमिली डिकिन्सन आणि 'घरकोंबडी' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिच्या समग्र कवितांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "घरकोंबडी बाई. जग पाहिलं नाही, म्हणून कवितेत नुसतं मरण आणि माश्या." लेख लांबला, असंही तुमचं म्हणणं आहे. ते रास्त आहे, दोन भाग करता आले असते. पण त्या पहिल्या वाक्यावरून मी पुढे जाऊ शकत नाही.

मतभेदाचं मला वावडं नाही, हा सूर मात्र मला सहन होत नाही. एमिली राहिली त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात लेखक थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून एकटा राहायला गेला, त्याला आपण ऋषी म्हणतो. अ‍ॅमहर्स्टच्या घरात बसून सुमारे अठराशे कविता लिहिणारी बाई मात्र घरकोंबडी! हा शब्द टंकताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

आणि 'जग पाहिलं नाही' हेही धड खरं नाही. माउंट होल्योक या मुलींच्या विद्यालयाच्या वसतिगृहात राहून ती शिकली. १८५५ मध्ये वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फियाला जाऊन आली. १८६४ आणि १८६५ मध्ये डोळ्यांच्या उपचारासाठी महिनोन्महिने बोस्टनकडे राहिली. उत्तरायुष्यात ती घराबाहेर पडेनाशी झाली, हे खरं. पण आपण माळरान पाहिलं नाही, समुद्र पाहिला नाही, हे तिने स्वतःच कवितेत लिहून ठेवलंय आणि तरीही लाट कशी असते ते ठाऊक असल्याचं ठामपणे म्हटलंय. तुम्ही जो आक्षेप घेताय तो तिने आधीच विचारात घेतला होता.

आता माशी. 'I heard a Fly buzz' या कवितेत मरणारी व्यक्तीच बोलते आहे. भोवतालच्यांचे डोळे रडून कोरडे झालेत, वस्तूंची वाटणी झालीय, आणि सगळे 'राजा', म्हणजे देव, खोलीत येण्याची वाट पाहताहेत. त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, मरणाऱ्याच्या तोंडावर तारणाची, म्हणजे देवाने त्याला स्वीकारल्याची, खूण शोधायची रीत होती. होल्योकमध्ये असताना एमिलीची गणना 'तारणाची आशा नसलेल्या' मुलींत झाली होती, हे लक्षात ठेवून कविता वाचा. राजा येतच नाही. येते ती एक निळसर, अडखळत गुणगुणणारी माशी, आणि ती प्रकाशाच्या आड येते. शेवटी खिडक्याच विझतात. तुम्हाला यात फक्त माशी दिसली.

माझी आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. खोलीत एक माशी फिरत होती. आम्हा सगळ्यांचं लक्ष पुन्हा पुन्हा तिच्याकडे जायचं आणि मग एकमेकांकडे बघायची लाज वाटायची. त्याआधी वर्षानुवर्षं मी ही कविता वर्गात शिकवत होते. त्या रात्री कळलं की त्या बाईने काहीही रचलेलं नव्हतं, जे घडतं तेच नेमकं टिपलं होतं. 'उगाच अर्थ काढता' असं मला सांगण्याआधी तुम्ही कधी अशा खोलीत बसला आहात का?

ही नजर आकाशातून पडलेली नाही. शाळकरी वयात तिने जमवलेल्या वनस्पतिसंग्रहात ४२४ नमुने आहेत, आणि तो आज हार्वर्डमध्ये जपून ठेवलाय. म्हणून गवतातला साप तिच्याकडे उन्हात उलगडणाऱ्या चाबकाच्या वादीसारखा येतो आणि दिसताच श्वास आखडतो, हाडात शून्य उतरतं. मृत्यूसुद्धा तिच्याकडे गाडी घेऊन येणारा सभ्य गृहस्थ होतो, आणि ती गाडी मधल्या सुट्टीत खेळणाऱ्या पोरांवरून, पिकलेल्या शेतांवरून जाते. यात जग नाही?

तिच्या ओळींत जागोजागी येणाऱ्या डॅशांबद्दल (—) तुम्ही लिहिलेला परिच्छेद मी सोडून देते. १८९० च्या पहिल्या संग्रहाच्या संपादकांनाही त्या खटकल्या होत्या, म्हणून त्यांनी बऱ्याचशा काढल्या. १९५५ मध्ये तिच्या कवितांचा संपादक थॉमस जॉन्सन याने त्या परत आणल्या, तिथे तो वाद माझ्यापुरता मिटला. माझ्या लेखाला तुम्ही म्हटलेल्या 'प्राध्यापकी पोपटपंची' यावर काही बोलायची माझी इच्छा नाही.

तिच्या ज्वालामुखीच्या कविता वाचा. वर गवत उगवलेला, पाखरांनाही निवांत वाटणारा डोंगर आणि पोटात आग. घरात बसलेल्या बाईबद्दल तुम्हाला जे म्हणायचंय ते त्यानंतर पुन्हा लिहा, मी छापेन. तो शब्द मात्र पुन्हा आला तर प्रतिक्रिया काढून टाकली जाईल.